आरा वेगात फिरतो, मग फळ्या उशिरा का निघतात?

२०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान निघालं, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात शोभायात्रा झाली. टीव्हीवर दिवसभर तेच. पुढचे काही दिवस पुण्या-मुंबईचे नातेवाईक मला फोन करून विचारत होते, "एवढी मोठी लाकडं कापतात कशी रे तुमच्याकडे?" मी सांगायचो, आरा असतो, लांब पट्ट्यासारखा, गरगर फिरतो, त्यात ओंडका घातला की फळ्या पडतात. माझ्या लेखी विषय तिथेच संपायचा.

तो संपत नाही हे मामाकडे गेल्यावर कळलं. मामाची त्याच भागात छोटी आरागिरणी आहे. आदल्या वर्षी त्याने कर्ज काढून नवा आरा बसवला होता, मोटर दीडपट मोठी. चहाचा कप हातात देत म्हणाला, "भाचे, आरा तर वाऱ्यासारखा फिरून राहिला. पण संध्याकाळी माल मोजला का तेवढाच." कर्जाचा हप्ता मात्र वाढलेला होता.

मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून अर्धा दिवस एका कोपऱ्यात बसलो. करवत प्रत्यक्ष लाकडात असण्याचा वेळ निम्म्याहूनही कमी भरला. उरलेल्या वेळात आरा हवेत फिरत होता आणि पाच माणसं एका ओंडक्याशी झटत होती. मशीन विकणारे ज्याला 'लॉग हँडलिंग' म्हणतात आणि ज्याचे रंगीत कॅटलॉग घेऊन हल्ली गिरण्या-गिरण्यांतून फिरतात, तो विषय या झटापटीचा आहे. कॅटलॉग वाचून डोकं गरगरतं. म्हणून हे जरा घरगुती भाषेत.

आधी चार शब्द

झाड तोडून, फांद्या छाटून, ठरावीक लांबीत कापलेला गोल तुकडा म्हणजे ओंडका. तो जिथे रचून ठेवतात ती वखार. आरा म्हणजे दोन मोठ्या चाकांवर ताणून बसवलेला दातेरी पट्टा. शिवणयंत्राचा पट्टा चाकांवरून फिरतो तसा हा फिरतो. आऱ्यासमोर जमिनीत रूळ असतात आणि त्यांवर मागेपुढे जाणारी गाडी, ती ट्रॉली. ओंडका ट्रॉलीवर आवळायचा, ट्रॉली आऱ्यापुढून न्यायची, एक फळी सुटते. ट्रॉली मागे आणायची, ओंडका फळीच्या जाडीइतका पुढे सरकवायचा, पुन्हा न्यायची.

यातला 'ट्रॉली आऱ्यापुढून न्यायची' एवढा भाग म्हणजे चिराई. ट्रकमधून उतरवणं, रचणं, थप्पीतून काढणं, लोटत आणणं, ट्रॉलीवर चढवणं, आवळणं, सोडवणं, फिरवून पुन्हा आवळणं हे सगळं हाताळणी. लेखात यापुढे हे दोनच शब्द लक्षात ठेवा.

तवा तापलाय, पण लाटणारी एकच

घरी पाहुणे आलेत, पोळ्या करायच्या आहेत. लाटणारी एक, भाजणारी एक. पोळ्या कमी पडतात म्हणून तुम्ही मोठा गॅस आणला. काय होईल? तवा लवकर तापेल, भाजणारी हात चोळत बसेल, आणि पानावर पोळ्या तेवढ्याच पडतील. कारण अडलेलं काम लाटण्याचं होतं.

मामाने मोठा गॅस आणला होता.

गंमत अशी की ही चूक जवळपास प्रत्येकजण करतो, आणि त्याला कारण आहे. आरा दिसतो, आवाज करतो, त्याच्या मोटरवर अश्वशक्तीचा आकडा लिहिलेला असतो. ओंडका ट्रॉलीवर चढवताना गेलेली चार मिनिटं कुठेच लिहिलेली नसतात. आरा जोरात चालू असला की मालकाला वाटतं काम जोरात चालू आहे. रिकामा आरासुद्धा तितकाच जोरात ओरडतो.

ओंडके बारीक झाले, काम वाढलं

"पण पूर्वी याच पद्धतीने भागत होतं ना?" हो, भागत होतं. तेव्हाचे ओंडके वेगळे होते.

आपल्याकडे लाकूड मोजायची जुनी रीत सोपी आहे. ओंडक्याच्या मधोमध दोरी गुंडाळून घेर घ्यायचा, त्याला ४ ने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. १५० सेंटिमीटर घेराचा, ३ मीटर लांबीचा ओंडका या हिशेबाने ०.४२२ घनमीटर भरतो. घनफुटात सांगायचं तर १५ च्या आसपास. (ही रीत खऱ्या घनफळाच्या साधारण ७८.५ टक्केच दाखवते. उरलेलं 'चिराईत जाणारच' म्हणून सोडून दिलेलं असतं. वखारीत यावरून होणारी भांडणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

आता घेर ६० सेंटिमीटर घ्या, लांबी तीच. उत्तर येतं ०.०६७५ घनमीटर. म्हणजे एका जाड ओंडक्याइतकं लाकूड मिळवायला असे सहाहून जास्त बारीक ओंडके लागतात. घेर अडीचपटीने कमी झाला, नग सव्वासहापट झाले. घेराचा वर्ग होतो म्हणून असं.

नैसर्गिक जंगलातल्या जुन्या, जाड झाडांवर आता मर्यादा आहेत. लागवडीतलं, विरळणीत (दाट झाडं विरळ करताना) निघालेलं सागवान जास्त येतं आणि ते बारीक असतं. प्रत्येक नग, जाड असो की बारीक, उचलावा लागतोच, आवळावा लागतोच, फिरवावा लागतोच. लाकूड तेवढंच, हाताळणी सहापट. मामाच्या वडिलांच्या काळात जी पद्धत पुरत होती ती आज का पुरत नाही, याचं मोठं कारण या साध्या गणितात आहे.

हत्ती, पहार आणि हायड्रा

वर जो जाड ओंडका घेतला, त्याचं वजन किती? ताजं, ओलं सागवान जवळपास पाण्याइतकंच जड असतं. म्हणूनच म्यानमारमध्ये पूर्वी सागाच्या बुंध्याभोवती कडं कापून झाड दोन-तीन वर्षं उभ्यानेच वाळू द्यायचे; तसं केलं नाही तर ते नदीत तरंगत नसे. या हिशेबाने आपला ओंडका अर्ध्या टनाच्या घरात जातो. एका बैलाचं वजन, पण पाय नसलेलं.

गडचिरोलीच्या जंगलात हे काम एकेकाळी हत्ती करायचे. कमलापूरच्या हत्तीकॅम्पात आज पर्यटक जे हत्ती पाहतात, त्यांच्या आधीच्या पिढ्या लाकूड ओढायला होत्या. हत्ती नुसता ओढत नाही. तो ओंडका सोंडेने चाचपतो, पायाने ढकलतो, सुळ्यावर तोलतो, दुसऱ्या ओंडक्याला समांतर नेऊन ठेवतो. उचलणं, फिरवणं, सरळ लावणं ही तीनही कामं एकाच ठिकाणी. कॅटलॉगमध्ये ज्या यंत्रांची दहा पानं भरतात, ती सगळी मिळून एका समजूतदार हत्तीची नक्कल आहेत, असं मला नेहमी वाटतं.

हत्ती गेले आणि माणसं आली. हमालांची युक्ती बघण्यासारखी असते. ट्रकला दोन तिरक्या बल्ल्या लावायच्या, दोराचं एक टोक ट्रकला बांधायचं, दोर ओंडक्याखालून फिरवून दुसरं टोक वरून ओढायचं. ओंडका दोरावरच लोळत वर चढतो आणि जोर निम्माच लागतो. हे भौतिकशास्त्र त्यांना कुणी शिकवलेलं नाही. पण दोर तुटला किंवा बल्ली सरकली तर खाली उभ्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही, हेही ते जाणून असतात.

यंत्रांची पहिली पायरी म्हणजे चेनपुली आणि हायड्रा क्रेन. हायड्रा आपल्याकडे गावोगाव भाड्याने मिळते, ट्रक उतरवायला चांगली. पण तिला प्रत्येक नगाला साखळी बांधावी लागते, सोडावी लागते; बारीक ओंडक्यांसाठी ती फार संथ. त्यासाठी पुढे पंजा बसवलेला लोडर बरा. खेकड्याच्या नांगीसारखा पंजा, एका वेळी तीन-चार बारीक ओंडके कवेत घेतो, आणि साखळी बांधायला माणूस ओंडक्याजवळ जावाच लागत नाही. माझ्या मते या यंत्राची खरी किंमत या शेवटच्या गोष्टीत आहे.

लोडर घ्यायचा तर आधी वखारीची जमीन पक्की करा. आमच्याकडे पावसाळ्यात वखार म्हणजे चिखलाचं तळं होतं आणि महागडं चाक त्यात फिरत बसतं. याबद्दल मला कोणाचं मत ऐकायचं नाही, मी दोन पावसाळे बघितलेत.

चाड्यावरची मूठ

आता खरा अडलेला भाग, थप्पी ते ट्रॉली.

तिफणीने पेरताना चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या नरसाळ्यावर, मूठ धरणारी बाई आठवा. ओटीत बी भरपूर असतं, पण चाड्यात ते मुठीतून बेताबेताने सुटतं. एकदम ओतलं तर एका जागी ढीग, पुढे रान रिकामं. गिरणीत हे काम ओटा करतो. ओटा म्हणजे आऱ्याच्या बाजूला लोखंडी गर्डरचा, किंचित उतरता किंवा साखळ्या फिरत असलेला मंच. लोडर त्यावर एकदम दहा-पंधरा ओंडके टाकून दुसऱ्या कामाला निघून जातो. ओट्याच्या टोकाला लोखंडी बोटं वर आलेली असतात, ती ओंडके अडवून धरतात. चालकाने लीव्हर दाबला की एकच ओंडका पुढे सुटतो आणि मागचे पुन्हा अडतात. ही झाली मूठ.

सगळ्या आधुनिकीकरणातली सर्वात साधी वस्तू हीच, आणि बहुतेक छोट्या गिरण्यांत सर्वात जास्त फरक तिचाच पडतो. कारण एक तर आऱ्याला ओंडक्याची वाट बघावी लागत नाही. दुसरं, लोडर आणि आरा यांची गाठ सुटते. लोडर पाच मिनिटं बंद पडला तरी ओट्यावरच्या मालावर आरा चालू राहतो. गावात नळाला दिवसातून एकदा पाणी येतं तरी घरात ते दिवसभर मिळतं, ते छतावरच्या टाकीमुळे. ओटा ही गिरणीची टाकी.

घट्ट धरणं

ओंडका ट्रॉलीवर आला की त्याला धरायचं. जुन्या ट्रॉलीवर लोखंडी आकड्यासारख्या पकडी असतात. त्या हाताने ठोकून, लीव्हर ओढून आवळतात. माणूस ट्रॉलीवर उभा राहतो आणि ट्रॉलीबरोबर आऱ्यापुढून जातो, दिवसातून शेकडो वेळा. पहिल्यांदा बघणाऱ्याचा श्वास अडकतो. रोज बघणाऱ्याला काही वाटत नाही आणि गोची तिथेच आहे.

पण धोका क्षणभर बाजूला ठेवून पैशांचं बोलू. पकड ढिली असेल तर कापताना ओंडका कणभर सरकतो. फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ निघते. गिऱ्हाइकाला २५ मिलिमीटर हवी, आणि तुम्हाला खात्री नाही, म्हणून तुम्ही २८ ची कापता. ३ मिलिमीटर म्हणजे काही नाही, असं वाटतं. एका ओंडक्यातून १० फळ्या निघतात असं धरलं तर ३० मिलिमीटर लाकूड रंध्याखाली भुसा होऊन गेलं. आऱ्याच्या पात्याची जाडी धरूनही यात एक अख्खी फळी बसली असती. दहातली एक फळी निव्वळ ढिल्या पकडीपायी. सागवानाच्या घनफुटाचा भाव हजारांत आहे. पुढचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या दराने करावा.

यावर उपाय हायड्रॉलिक पकड. हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारं. डंपरचा हौदा उचलला जातो, दंतवैद्याची खुर्ची वर जाते, ते बऱ्याचदा याच तत्त्वावर. पंप तेल दाबतो, तेल नळीतून सिलिंडरमध्ये जातं आणि आतला दट्ट्या ढकलतं. ८ सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्याचं तोंड सुमारे ५० चौरस सेंटिमीटर असतं. दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो दाब दिला, जो या यंत्रांसाठी अगदी बेताचा आहे, तर जोर होतो ५ टन. तांब्याएवढ्या जाडीच्या नळकांड्यातून. त्यामुळे पकड सरकत नाही, आणि ती आवळायला माणूस ट्रॉलीवर चढत नाही.

त्याच तेलावर ओंडका फिरवणारा हातही चालतो. एक बाजू कापली की ओंडका चतकोर फिरवावा लागतो. एरवी तीन माणसं पहारी लावून 'जोर लगाके' करतात. इथे आणखी एक बारीक फायदा आहे जो कॅटलॉगमध्ये सापडत नाही. फिरवणं कष्टाचं असेल तर मिस्त्री ते टाळतो. गाठ कुठे आहे, वाक कुठे आहे हे त्याला दिसत असतं, अजून एकदा फिरवलं तर चांगली फळी निघेल हेही कळत असतं, पण चौथ्यांदा पोरांना हाक मारायचा त्याला कंटाळा येतो, पोरांची दयाही येते. फिरवणं एका लीव्हरवर आलं की मिस्त्रीची नजर पुन्हा कामाला लागते.

माती, खिळे आणि तारा

सागात मुळातच वाळूसारखा घटक असतो, सिलिका. त्याने आऱ्याचे दात लवकर बोथट होतात. त्यात ओंडका चिखलातून ओढत आणला तर सालीत भरलेली माती आणि खडे वेगळेच. ओढण्याऐवजी उचलून आणलं की दाताची धार जास्त टिकते, म्हणजे धार लावायला आरा कमी वेळा थांबतो. साल काढायचं यंत्र मोठ्या गिरणीला परवडतं. छोट्याने निदान आऱ्यासमोर येणारी बाजू तासून, पाणी मारून घ्यावी.

रस्त्याकडेचा कडुनिंब, आंबा, चिंच कापायला आली की वेगळीच भीती. त्यात जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे असतात, कुंपणाच्या तारा असतात, आणि झाडाने त्या कधीच्या गिळलेल्या असतात. फिरत्या पात्याला खिळा लागला तर दात तर जातातच, कधी पट्टाच तुटून सुटतो. हातात धरायचा धातुशोधक, सुरक्षारक्षक मॉलच्या दारात अंगावरून फिरवतो तसला, या सगळ्या यादीत सर्वात स्वस्त. तो उद्या घ्या, बाकीचं सावकाश.

मग परदेशातल्यासारखा स्कॅनर का नको?

व्हिडिओत दिसतं ते असं: ओंडके एकामागून एक धावताहेत, लेझर त्यांचा आकार मोजतो, संगणक ठरवतो फळ्या कशा काढायच्या. स्वीडन, फिनलंड, कॅनडातल्या गिरण्यांत हे खरंच चालतं. तिथे वर्षभर पाइन आणि स्प्रूससारखं जवळपास एकसारखं, सरळ लाकूड येतं आणि वेग इतका असतो की माणसाची नजर पुरत नाही. आपल्याकडे सकाळी साग, दुपारी बाभूळ, संध्याकाळी कुणाच्या तरी शेतातला वाकडा आंबा. इथे मिस्त्रीची नजर स्वस्तही आहे आणि बरीही.

त्या तंत्रातला एक तुकडा मात्र घेण्यासारखा आहे. आरा कुठून जाणार ते ओंडक्यावर रेघेने दाखवणारा साधा लेझर दिवा. आणि ट्रॉलीच्या मोटरला व्हीएफडी. व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा विजेचा डबा. चालू-बंद बटणाच्या जागी स्कूटरची मूठ मिळाली असं समजा. गाठ आली की हळू, साफ लाकूड आलं की जोरात. फक्त एक, असे बरेच डबे ४० अंश तापमानापर्यंतच पूर्ण क्षमतेने चालतात. चंद्रपूरचा मे ४५ च्या पुढे जातो. भुशापासून बंद, पण थंड राहणारी जागा त्याला द्यावी लागते. तेलाचंही तसंच, थंड प्रदेशातल्या मशीनबरोबर आलेलं पातळ तेल आपल्या उन्हाळ्यात पाण्यासारखं होतं. विकणाऱ्याला ४६ आणि ६८ नंबरच्या तेलातला फरक (नंबर मोठा तेवढं तेल दाट) विचारा आणि उत्तर देताना त्याचा चेहरा बघा.

चालती गिरणी बंद न करता

नवीन गिरणी उभी करणं सोपं. चालत्या गिरणीत बदल करणं म्हणजे लोक राहत असताना घराचा पाया बदलणं. गिरणी महिनाभर बंद ठेवली तर गिऱ्हाईक शेजारच्या गिरणीत जातं आणि तिथेच रमतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी आठवडाभर नुसतं मोजा, आरा किती वेळ रिकामा, कशासाठी रिकामा. मग आऱ्याला हात न लावता बाहेरची कामं, जमीन, लोडर. मग ओट्याचा पाया. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात आणि शेजारी आरा थरथरत असतो, म्हणून पाया वेगळा, आऱ्याच्या पायापासून फट सोडून, आणि पावसाच्या आधी. ओट्याचं लोखंडकाम बाहेर वर्कशॉपमध्ये पूर्ण करून, तेल भरून, लीव्हर चालवून बघायचं. गिरणीत आणून फक्त बोल्ट कसायचे. हे बोल्ट कसण्याचे तीन-चार दिवस सुट्टीला जोडून घ्यायचे. आमच्याकडे पोळा आणि दिवाळी या त्यासाठी नेमक्या जागा. पोळ्याला बैलसुद्धा थांबतात.

पकडी आणि फिरवणारा हात सर्वात शेवटी, कारण त्यासाठी जुनी ट्रॉली उघडावी लागते. जुने हाताचे आकडे काढून भंगारात विकू नका. पहिल्या महिन्यात तेल गळेल, नळी फुटेल, तेव्हा तेच उपयोगी पडतात.

हात कुठे जातो

नवीन यंत्राने अपघात कमी होतात हे अर्धसत्य आहे. जुने अपघात कमी होतात आणि नवे येतात. दाबातल्या तेलाची सुईएवढी धार कातडी भेदून आत शिरते. गळती शोधायला हात कधीच फिरवायचा नाही, पुठ्ठा फिरवायचा. पंप बंद केला तरी नळ्यांत दाब शिल्लक असतो, आणि वर उचललेला लोखंडी हात त्या दाबावर उभा असतो. सांडलेलं तेल आणि भुसा यांचं मिश्रण म्हणजे चुलीसाठी तयार गोवरी.

अडकलेला ओंडका मोकळा करायला कुणी आत वाकतो आणि दुसरा त्याला न बघता बटण दाबतो, हा सर्वात वाईट प्रकार. उपाय आपल्या वायरमनला विचारा. खांबावर चढण्याआधी तो डीपीतला फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालतो. कुणावर विश्वास टाकत नाही, सांगून ठेवत नाही, फ्यूज खिशात. गिरणीत तेच करायचं. मुख्य स्विचला कुलूप, किल्ली आत वाकणाऱ्याच्या खिशात. कुलपाची किंमत दीड-दोनशे रुपये.

"ही तर हमालांच्या पोटावर पाय देण्याची गोष्ट झाली"

हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकणाऱ्यांचा मला राग येतो. पाच माणसांचं काम दोघांवर येतं, हे गणित लपवण्यासारखं नाही. महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे तो या हातांना संरक्षण मिळावं म्हणूनच; जिथे माथाडी मंडळ लागू आहे तिथे मशीनची ऑर्डर देण्याआधी मंडळाशी बोलायला हवं. दुसरी बाजूही तेवढीच खरी. इजा होईल इतकं ओझं कामगाराला उचलायला लावू नये, असं १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम ३४ सांगत आलं, आणि अर्ध्या टनाचे ओंडके पहारीवर हलतच राहिले. आमच्या भागातले पन्नाशीचे हमाल कमरेत वाकलेले दिसतात. त्यांची पोरं या कामाला येत नाहीत. सुगीत तर माणसंच मिळत नाहीत.

मालकाच्या हातात असलेली एक गोष्ट सांगतो. लीव्हरवर बाहेरून शिकलेला पोरगा आणून बसवायचा की वीस वर्षं ओंडका ओळखणाऱ्या हमालाला शिकवायचं, हे मालकच ठरवतो. लीव्हर आठवड्यात शिकता येतो. ओंडका कुठे लोळेल हे कळायला वर्षं लागतात.

लायसन्सचं काय?

१२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या, जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशापासून आरागिरणी हा नाजूक विषय आहे. पुढे केंद्राची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि लाकूड उद्योगांचे परवाने राज्यस्तरीय समितीकडे गेले. नवा आरा लावणं किंवा क्षमता वाढवणं परवानगीशिवाय करता येत नाही. ओटा, लोडर, पकड यांनी लाकूड कापलं जात नाही. पण रोजची चिराई वाढली तर प्रश्न येऊ शकतो. काम सुरू करण्याआधी वनविभागाला लेखी कळवून पोच घेतलेली बरी. तोंडी 'चालते ना साहेब' पुढचा साहेब ऐकत नाही.

आणि एक बारकावा. ओंडक्याच्या तोंडावर वनविभागाच्या हातोड्याचा शिक्का आणि नंबर असतो, तो वाहतूक परवान्याशी जुळावा लागतो. हाताने आणताना नग वाचून आणला जायचा. लोडर पंजात चार नग उचलतो तेव्हा कोण वाचणार? म्हणून थप्प्या परवान्यानुसार वेगळ्या लावा आणि ओट्यावर एका वेळी एकाच परवान्याचा माल.

वीज, आणि बिघडलं तर?

तेलाच्या पंपाची मोटर १० अश्वशक्तीची धरली तर ती साडेसात किलोवॅटची झाली. आठ तास पूर्ण भाराने चालली तर ६० युनिट. प्रत्यक्षात भार मधूनमधूनच येतो. त्यापुढे हवेत गरगरणाऱ्या आऱ्याची मोटर ठेवून बघा. तो रिकामा वेळ कमी झाला की दर घनफुटामागची वीज बहुधा उतरते.

बिघाडाची भीती जास्त योग्य आहे. नियम सोपा ठेवा. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याला जे उघडता येत नाही ते घेऊ नका. ट्रॅक्टर, जेसीबीमुळे हायड्रॉलिकच्या नळ्या, सील, पंप आता तालुक्याला मिळतात, जाणकार मिस्त्रीही आहेत. प्रकाशकिरणावर चालणारे संवेदक भुशाने दिवसभरात आंधळे होतात. त्या जागी दणकट, ढकलल्यावर चालणारा स्विच लावा, दिसायला गावठी असला तरी.

मामाने आधी धातुशोधक घेतला आणि वखारीचा अर्धा भाग पक्का केला. ओट्याचं चित्र वर्कशॉपवाल्याने खडूने जमिनीवर काढलं तेव्हा सगळे भोवती उभे होते. मामा लांबी-रुंदी विचारत होता. सर्वात जुना हमाल काही न बोलता चित्राला फेरी मारून आला आणि लीव्हरच्या जागी जाऊन उभा राहिला. म्हणाला, "शेठ, हा खांब मधात येऊन राहिला. इथून मला आऱ्यापाशी कोण उभं आहे ते दिसत नाही." मग खडूची ती रेघ पुसून लीव्हर दोन फूट डावीकडे नेला.